घाईचे वस्त्र : झटपट फॅशनच्या नीतिविचाराची प्रस्तावना

फास्ट फॅशन किंवा, मराठीत आता रुळू लागलेल्या शब्दांत, झटपट फॅशन हे नाव ऐकले की कपड्यांची एखादी तऱ्हा डोळ्यांपुढे येते; प्रत्यक्षात मात्र कापड विणण्यापासून कपडा टाकून देण्यापर्यंतचा सगळा व्यवहार एका ठरावीक वेगाने चालवणाऱ्या व्यवस्थेचे ते नाव आहे. विसाव्या शतकात बराच काळ युरोप-अमेरिकेतील तयार कपड्यांचा धंदा वर्षाच्या दोन मुख्य हंगामांवर चालत असे आणि दुकानात जे टांगले जाई ते कित्येक महिने आधी ठरलेले असे. १९७५ साली स्पेनमधील आ कोरुन्या या बंदराच्या शहरात सुरू झालेल्या झारा या दुकानाने ही मुदत आठवड्यांवर आणली. १९८९ साली त्याची शाखा न्यूयॉर्कमध्ये उघडली, तेव्हा कल्पना सुचल्यापासून कपडा दुकानात येईपर्यंत अवघे पंधरा दिवस लागतात याची तिथल्या वृत्तपत्रात चर्चा झाली आणि त्याच सुमारास हा शब्दप्रयोग रूढ होऊ लागला. पुढे मोबाइलवरून विक्री करणाऱ्या कंपन्यांनी त्यावरही कडी केली. नव्या नमुन्याचे थोडेसे नग बाजारात सोडायचे, गिऱ्हाइकाचे बोट पडद्यावर कुठे थांबते ते पाहायचे आणि जो नमुना चालेल त्याचाच माल पुन्हा तातडीने मागवायचा, अशी त्यांची रीत आहे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्याआधीच्या सुमारे पंधरा वर्षांत जगातील कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले आणि एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा अंगावर चढतो ती संख्या एक तृतीयांशाहून अधिक घटली. याचा सरळ अर्थ असा की, कपडे वाढले ते माणसांची गरज वाढल्यामुळे नव्हे, तर कपड्याचे आयुष्य आखडल्यामुळे.

या विषयावरील बहुतेक लेखन स्वस्ताईपाशी सुरू होते आणि गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकबुद्धीपाशी संपते. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका थोडी वेगळी आहे. या व्यवस्थेतील मूळ नैतिक प्रश्न वेगाचा आहे; तो वेग कोणी ठरवला, त्याचा ताण कोणाच्या अंगावर पडला आणि त्या ताणाची जबाबदारी कोणत्या कागदावर लिहिली गेली, हे पाहिल्याशिवाय स्वस्ताईचा उलगडा होत नाही. तो कागद म्हणजे खरेदीची ऑर्डर. लंडन किंवा स्टॉकहोममधील कंपनीचे बहुधा स्वतःचे कारखाने नसतात. ती ढाका, तिरुपूर, नोम पेन्ह अशा ठिकाणच्या कारखान्यांना दर, नग आणि मुदत ठरवून माल शिवायला देते. कपड्यावर नाव कंपनीचे असले, तरी तो शिवणाऱ्यांशी तिचा मालक-नोकराचा संबंध कायद्याने नसतो. या अंतराला पुरवठा-साखळी असे निरुपद्रवी नाव आहे.

या साखळीच्या मधोमध शिलाईची लाईन असते आणि तिचे काम कसे चालते हे नीट समजून घेतले पाहिजे. कारखान्यात एक शर्ट एक माणूस शिवत नाही. कापडाचे कित्येक थर एकावर एक अंथरून कटिंग मास्तर ते एकदम कापतो. तुकड्यांचे गठ्ठे बांधून लाईनवर जातात आणि तिथे एक बाई दिवसभर फक्त कॉलर उलटते, दुसरी कफ जोडते, तिसरी खांद्याची शिवण मारते. पुढे बाही, बाजू, काज, बटण असे करत शेवटी हेल्पर मुली लोंबणारे धागे कापतात. यांतील प्रत्येक कामाला किती वेळ लागावा हे मिनिटांच्या अपूर्णांकात मोजलेले असते, त्याला प्रमाणित मिनिटे म्हणतात. त्यांवरून तासाचे टार्गेट निघते आणि ते लाईनच्या टोकाला फळ्यावर लिहिले जाते. आता समजा, त्याच शर्टाचा दर पुढच्या ऑर्डरला थोडा कमी झाला आणि मुदत दहा दिवसांनी घटली. कापड, धागा, बटणे, वीज, जहाजाचे भाडे या सगळ्यांचे भाव बाजार ठरवतो आणि त्यांत कारखानदाराला फारसे काही कापता येत नाही. कापता येते ते फळ्यावरचा आकडा वाढवून, ओव्हरटाइम लांबवून, लघवीला उठण्याची वेळ मोजून, लाईनवरच्या चार बाया कमी करून किंवा दुरुस्तीला आलेली इमारत आणखी एक हंगाम तशीच ठेवून. दूरच्या शहरातील बैठकीत सुटलेले दहा दिवस असे कोणाच्या तरी पाठीतून आणि मनगटातून वसूल होतात.

ढाक्याजवळील सावार येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीत असे पाच कारखाने होते. दुकाने आणि कचेऱ्यांसाठी बांधलेल्या या इमारतीवर वरचे मजले परवानगीविना चढवले होते आणि तिथे शिलाईची यंत्रे व जनरेटर बसवले होते. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंती-खांबांना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या मजल्यांवरील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आत बोलावण्यात आले आणि जे बिचकत होते त्यांना पगार अडवण्याची भीती दाखवण्यात आली. वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि नऊ वाजण्यापूर्वीच इमारत कोसळली. १,१३४ माणसे मेली आणि सुमारे अडीच हजार जखमी झाली; त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. एकाच भिंतीतील एकच भेग बँकेच्या लोकांना दिसली आणि शिलाईच्या लोकांनाही दिसली, पण ती पाहून घरी जाण्याचा अधिकार एकांनाच होता. बांगलादेशात त्या वेळी या धंद्यातील किमान वेतन महिन्याला ३,००० टका होते. महिन्याचा पगार बुडणे या माणसांना कसे परवडणार होते?

राणा प्लाझाच्या आधी तपासण्या होत नव्हत्या असे नाही. कंपन्या खासगी संस्थांकडून कारखान्यांचे सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे कामाचे तास, वेतन आणि सुरक्षितता यांची पाहणी करून घेत. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कारखान्याला असे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते, तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार जळून, गुदमरून मेले. सावारनंतर मे २०१३ मध्ये झालेला बांगलादेश अकॉर्ड हा करार म्हणूनच महत्त्वाचा ठरला. त्यावर एका बाजूला कामगार संघटनांच्या आणि दुसऱ्या बाजूला शेवटी दोनशेहून अधिक कंपन्यांच्या सह्या होत्या, पाहणी स्वतंत्र अभियंत्यांची होती आणि करार मोडणाऱ्या कंपनीला लवादापुढे खेचण्याची सोय होती; दोन कंपन्यांविरुद्धची प्रकरणे हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापर्यंत नेऊन संघटनांनी तडजोडीची रक्कम मिळवलीही. त्यामुळे हजारो दरवाजे, जिने आणि वीजवाहिन्या दुरुस्त झाल्या. जिथे कंपनीने स्वतःच्या सहीने स्वतःला बांधून घेतले तिथे फरक पडला आणि जिथे तिने केवळ आचारसंहिता छापली तिथे पडला नाही, हा या साऱ्या इतिहासातील सर्वांत ठळक धडा आहे.

दर आणि मुदत हे विषय मात्र त्या कराराबाहेर राहिले. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये महासाथीमुळे पाश्चात्त्य शहरांतील दुकाने बंद पडताच कंपन्यांनी ऑर्डरी रद्द केल्या किंवा रोखून धरल्या. एकट्या बांगलादेशात हा आकडा तीन अब्ज डॉलरच्या वर गेला आणि त्यांत शिवून तयार असलेला मालही होता. कापडाचे पैसे कारखानदाराने आधीच भरलेले असतात आणि कंपनी मात्र माल हाती आल्यावर, पुष्कळदा काही महिन्यांनी, पैसे देते. त्यामुळे एका ई-मेलने लाखो माणसांचा पगार तुटला.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनी १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम थांबवणे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडणे आणि यंत्रावर जखमी झालेल्याला भरपाई मिळणे यांचा समावेश होता. आज शिलाईच्या लाईनवरील कामगारांच्या मागण्यांची यादी तिच्याहून फारशी वेगळी निघत नाही. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले. जोतीराव फुल्यांच्या या सहकाऱ्याने वस्त्राच्या धंद्याकडे ते विणणाऱ्याच्या बाजूने पाहण्याची दृष्टी मराठीत आणली आणि प्रस्तुत विवेचन त्या दृष्टीचे ऋणी आहे.

कापड कोणते घ्यावे हा नैतिक प्रश्न असू शकतो, हेही महाराष्ट्राला नवे नाही. १९०५ साली पुण्यात परदेशी कपड्यांची होळी पेटली आणि १९२१ साली गांधींच्या उपस्थितीत परळला. स्वदेशीच्या चळवळीचे मोठेपण निर्विवाद आहे. तरीही तिच्या पहिल्या लाटेत देशी कापडाची मागणी वाढली, त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादा गळून पडून कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत ताणला गेला. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा १९११ साली झाला. कपडा कुठे बनला हा प्रश्न त्या पिढीने विचारला आणि तो विचारायलाच हवा होता. पण कपडा कोणत्या तासाला बनला हा प्रश्न मागे राहिला आणि गिऱ्हाइकाच्या सद्हेतूने तो आपोआप सुटला नाही. ‘नैतिक खरेदी’चा आज जो गवगवा होतो त्याच्याकडे पाहताना ही आठवण उपयोगी पडावी.

शिलाईच्या मागे रंगाई आहे आणि तिचा ताण पाण्यावर पडतो. तमिळनाडूतील तिरुपूर हे विणलेल्या टी-शर्टांचे भारतातील सर्वांत मोठे केंद्र; त्यामधून कावेरीला मिळणारी नोय्यल नदी वाहते. सुती कापडावर रंग चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. रंग धाग्याला चिकटतो, मीठ चिकटत नाही. ते सारे उरलेल्या रंगासह सांडपाण्यात येते आणि नेहमीच्या शुद्धीकरणाने पाण्याचा रंग गेला तरी त्यातला खारटपणा जात नाही. नदीच्या खालच्या अंगाला ओरथुपालयम येथे शेतीसाठी धरण बांधून १९९२ साली पुरे झाले आणि काही वर्षांतच ते रंगाईच्या पाण्याचे तळे बनले. ज्या शेतकऱ्यांची शेते त्या पाण्याने भिजायची होती त्यांच्याच विहिरी मचूळ झाल्या, जमिनी खारावल्या आणि त्यांना हे धरण नको म्हणून न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरच्या सातशेहून अधिक रंगाई कारखान्यांना टाळे लावण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडता सगळे पाणी पुन्हा वापरण्याची, म्हणजे शून्य द्रवनिस्सारणाची व्यवस्था जो उभी करील त्यालाच पुन्हा सुरू होता आले. आज तिरुपुरात दाबाखाली पडद्यांतून गाळून आणि उरलेले उकळून पाणी परत मिळवले जाते. हे कर्तृत्व खरेच मोठे आहे. पण त्याचा खर्च रंगवणाऱ्यांवर पडला. टी-शर्ट विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीने आपल्या दरात त्याचा वाटा उचलावा, असे बंधन त्या आदेशात असू शकत नव्हते. अर्थशास्त्रात अशा खर्चाला बाह्य खर्च म्हणतात, कारण तो व्यवहारातील दोन्ही पक्षांच्या हिशेबाबाहेर, तिसऱ्याच कोणाच्या तरी शेतात पडलेला असतो. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना ही व्याख्या समजावून सांगावी लागणार नाही.

कापसाची कथा विदर्भाने पुरेशी सोसली आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, पुढे देशातील कापसाचे जवळजवळ सगळे क्षेत्र त्याखाली आले आणि मग गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हा कापूस सरळ कोणत्या कंपनीच्या टी-शर्टात गेला हे सांगता येत नाही आणि सांगता न येणे हाच या साखळीचा गुण आहे: जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जाताना शेताचे नाव पुसले जाते. कापसाला पर्याय म्हणून जो धागा पुढे केला जातो तो पॉलिएस्टर. जगातील एकूण धाग्यांत त्याचा वाटा आता निम्म्याहून अधिक आहे, तो खनिज तेलापासून बनतो आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. झटपट फॅशनचा डोलारा मुख्यतः याच स्वस्त धाग्यावर उभा आहे.

उरतो तो जुन्या कपड्यांचा प्रश्न. महाराष्ट्रात कपड्याला टाकून देण्याजोगी अवस्था सहसा येतच नसे. लुगडे मधोमध विरले की तेवढा भाग कापून दोन्ही टोके जोडत, त्याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडेही जुनेर झाले की त्याचे थर अंथरून, कडेकडेने आत येत जाणारा धावदोरा घालून गोधडी शिवली जाई. गोधडी फाटली की तिचे पोतेरे होई. जे घरात मावत नसे ते बोहारीण नेई आणि एका पातेल्यावरून घासाघीस होई. धुण्याने मऊ झालेल्या सुती कापडाच्या पाच-सहा थरांना एकजीव करणारा तो बारीक टाका आजही जुन्या गोधडीवर बोट फिरवले तर जाणवतो. या रीतीचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. ती टंचाईतून जन्मलेली होती आणि तिच्यामागचे सगळे श्रम बायकांचे, बिनमोलाचे होते. पण तिच्या बळाचे खरे कारण कापडात होते: दंड घालायला कडा शाबूत लागतात आणि गोधडी शिवायला सूत लागते. पाच धुण्यांत पिळवटणाऱ्या मिश्र धाग्याच्या कुडत्याची गोधडी होत नाही. बोहारीणही तो हातात घेऊन, बोटांनी चाचपून बाजूला ठेवते.

असे कपडे मग लांब जातात. श्रीमंत देशांतील जुन्या लोकरी कपड्यांचे चिरून निकामी केलेले गठ्ठे कांडला बंदरातून पानिपतला येतात आणि तिथे बटणे-चेन उपटून, रंगवार निवडून, पिंजून त्यांची घोंगडी होतात. भूकंप-पुरात वाटली जाणारी पुष्कळशी ब्लँकेटे याच मार्गाने आलेली असतात. घानाची राजधानी आक्रा येथील कांतामांतो बाजारात अशा कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे म्हणतात. एवढे चांगले कपडे जिवंत माणूस कसा टाकील, हा त्या नावामागचा मूळ तर्क. आता त्या गाठींतून निघणाऱ्या मालाचा दर्जा घसरला आहे आणि न विकलेले कपडे तिथल्या गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर येऊन पडतात. चिलीतील अताकामाच्या वाळवंटातही अशाच कपड्यांचे ढीग साचले आहेत. दुकानाच्या दाराशी ठेवलेल्या ‘जुने कपडे इथे टाका’ या पेटीने ग्राहकाला वाटते की, जुन्याचा नवा कपडा होईल. वर उल्लेखिलेल्या अहवालानुसार मात्र कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एकूण मालापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग पुन्हा कपडा होतो.

या टीकेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. बांगलादेशात या धंद्याने सुमारे चाळीस लाख माणसांना, त्यांतही मोठ्या संख्येने खेड्यांतून आलेल्या मुलींना, पहिल्यांदा स्वतःचा पगार दिला. पाश्चात्त्य ग्राहकाने खरेदी थांबवली तर त्यांचे काय, असे विचारले जाते. हा आक्षेप बहिष्काराविरुद्ध बिनतोड आहे. वेतनवाढीविरुद्ध, मुदतवाढीविरुद्ध किंवा कंपनीला बांधील धरण्याविरुद्ध मात्र तो काहीच सांगत नाही. त्या मुलींनी नोकरी सोडावी असे कोणी म्हणत नाही. त्या स्वतः रस्त्यावर उतरून पगार मागतात आणि २०२३ च्या आंदोलनानंतर किमान वेतन १२,५०० टका झाले तेही त्यांच्या मागणीहून पुष्कळच कमी होते. तमिळनाडूतील दिंडिगुल येथे २०२२ साली स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध झालेला करारही असाच, दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने कारखानदार आणि परदेशी खरेदीदार यांना सहीने बांधून घेतल्यामुळे शक्य झाला.

कायदे आता हळूहळू या दिशेने वळत आहेत. फ्रान्सने २०१७ साली मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडील धोक्यांची दखल घेण्याची जबाबदारी टाकली. युरोपीय संघाने २०२४ साली न विकलेले कपडे नष्ट करण्यावर बंदी ठरवली. ही बंदी लागते यातच बरेच काही आले. भारतात कपडे शिवणारेही आहेत आणि झटपट कपडे घेणारा मोठा वर्गही आता इथेच आहे, तरी देशी कंपन्यांना असे कोणतेही उत्तरदायित्व अद्याप नीट लावलेले नाही. प्रस्तुत ग्रंथाचा निष्कर्ष असा की, ग्राहकाच्या अपराधभावाने या धंद्याची एकही भिंत दुरुस्त झालेली नाही. दर, मुदत आणि देणे चुकते करण्याची तारीख या तीन गोष्टी जोवर कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, तोवर बाकीच्या सुधारणा अपुऱ्याच राहतील.

वाचकाने पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी अंगावरचा शर्ट किंवा कुर्ता काढून एकदा उलटा करावा. आतल्या शिवणीला लावलेल्या चिठ्ठीवर धाग्याचे प्रमाण, धुण्याचे तापमान आणि बहुधा देशाचे नाव छापलेले असते. ती शिवण मारायला किती मिनिटे दिली होती हे तिच्यावर लिहिलेले नसते.